शेफील्ड फुटबॉल क्लब व त्याचें दप्तर

खेळाच्या मंडळ्यांचीं दप्तरें संशोधकांनीं तपासावींत काय, असा प्रश्न कोणी विचारील. सनदा, महजर, वतनपत्रें यांच्या शेजारीं चेंडू खेळणाऱ्या तरुणांच्या सभावृत्तांताची वही मांडून ठेवणें प्रथमदर्शनीं थोडें विनोदाचेंच वाटतें. तथापि १४ जुलै २०११ रोजीं लंडन येथील सदबी यांच्या लिलावांत अशाच एका दप्तराला ८,८१,२५० पौंड किंमत आली. तें दप्तर इंग्लंडांतील शेफील्ड फुटबॉल क्लब या लहानशा हौशी संघाचें होय. त्यांत खेळाच्या नियमांचा १८५८ सालचा हस्तलिखित खर्डा होता. आणि त्या नियमांची १८५९ सालीं छापलेली चोपडीही होती. जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या मंडळींस या प्रकरणांत विचार करण्याजोगें बरेंच आहे, म्हणून त्याची हकीगत येथें देत आहों.

शेफील्ड हें यॉर्कशायर प्रांतांतील शहर. पोलाद व सुऱ्याकात्र्या यांसाठीं प्रसिद्ध. तेथील क्रिकेट खेळणाऱ्या कांहीं तरुणांस हिवाळ्यांत अंगमेहनतीला कांहीं साधन हवें होतें. त्यांच्यापैकीं नॅथॅनिअल क्रेस्विक व विल्यम प्रेस्ट या दोघांनीं २४ ऑक्टोबर १८५७ रोजीं हा क्लब स्थापन केला. क्रेस्विक वकिलीच्या धंद्यांतला, प्रेस्ट मद्याचा व्यापारी. दोघेही पुढें स्थानिक स्वयंसैनिकांच्या पलटणींत अधिकारी झाले. दप्तर ठेवण्याचें व पैशांचें काम पहिल्यानें क्रेस्विककडेच होतें. बागेंतील रोपें राखण्याचें एक कांचेचें घर हीच क्लबाची पहिली कचेरी. (त्याच शरदृतूंत, महिनाभर आधीं, इंग्रजांनीं दिल्ली परत घेतली होती. एकाच सालचे दोन कागद किती भिन्न जगांतले असूं शकतात, याचें हें एक उदाहरण.) आरंभीं दुसरा क्लब नसल्यामुळें सभासद आपसांतच खेळत, विवाहित विरुद्ध अविवाहित, अथवा व्यापारी व कारखानदार विरुद्ध इतर धंद्यांतले, असे तट पाडीत.

या क्लबाला जगांतील सर्वांत जुना फुटबॉल क्लब म्हणतात. या बिरुदाची कसून परीक्षा केली पाहिजे. चेंडू लाथेनें मारण्याचा खेळ फार पुरातन. १३१४ सालीं लंडनच्या नगराध्यक्षानें राजाच्या नांवें त्यावर बंदी घातल्याचें प्रसिद्ध आहे. म्हणजे खेळाच्या वयाशीं या दाव्याचा संबंध नाहीं. मंडळी म्हणून पाहिलें तरी एडिंबरो येथें जॉन होप नांवाच्या कायद्याच्या विद्यार्थ्यानें १८२४ सालीं फुटबॉलचा क्लब काढला होता; त्याच्या सभासदांच्या याद्या व जमाखर्च शिल्लक आहेत. तो क्लब १८४१ सालीं बंद पडला. तेव्हां शेफील्डला ‘आद्य’ म्हणणें चूक. ‘अखंड चालत आलेल्यांत सर्वांत जुना’ म्हणणें बरोबर. असा फरक घराण्यांच्या वंशावळी तपासणारास नवा नाहीं. मूळ पुरुष एक असतो आणि ज्याच्या हातीं कागद राहतात तो दुसराच असतो.

आतां नियमांकडे वळूं. १८५८ च्या ऑक्टोबरांत क्लबाच्या सर्वसाधारण सभेनें ते ठरविले. छापील चोपडींत खेळाचीं कलमें अकरा आहेत. चेंडू मैदानाच्या मध्यापासून, जमिनीवर ठेवून मारावा, हें पहिलें. जमिनीला न लागलेला चेंडू जो झेलील त्याला मोकळी लाथ मारण्याचा हक्क. हातांनीं ढकलणें चालेल. पण नडगीवर लाथ मारणें किंवा पाय घालून पाडणें कोणत्याही परिस्थितींत चालणार नाहीं. कोणास धरून ठेवूं नये, ओढून पाडूं नये. चेंडू जमिनीवरून उचलूं नये. त्याला हातानें ढकललें किंवा तडाखा दिला तर हरकत नाहीं. धरून मात्र ठेवूं नये, फक्त मोकळ्या लाथेच्या वेळीं धरावा. गोल लाथेनेंच झाला पाहिजे, आणि झेलून मिळालेल्या मोकळ्या लाथेनें केलेला गोल धरावयाचा नाहीं. चेंडू कडेबाहेर गेला कीं तो मृत. ज्या पक्षाचा हात त्याला आधीं लागेल त्यानें तो कडेवर आणून सरळ, निदान सहा यार्ड, आंत फेकावा. शेवटचें कलम खेळाचें नसून पोषाखाचें आहे: प्रत्येक गड्यानें फ्लॅनेलची एक तांबडी व एक गर्द निळी टोपी स्वतः आणावी, आणि एका पक्षानें एक रंग घालावा.

हें टोपीचें कलम हंसण्यावारी नेऊं नये. सभासद आपसांतच खेळत व दर वेळीं पक्ष बदलत, म्हणून दोन्ही रंगांच्या टोप्या प्रत्येकाजवळ लागत. दुसरा क्लब नसल्याचा पुरावा इतिहासकाराला कोठें शोधावा लागत नाहीं. तो या कलमांतच आहे. तसेंच, ऑफसाइडविषयीं या चोपडींत एकही कलम नाहीं. त्या काळच्या इंग्रजी शाळांच्या खेळांत चेंडूच्या पुढें उभें राहणें हा बहुधा दोष मानीत. येथें तो दोषच नव्हता.

आतां एका आख्यायिकेचा निकाल लावूं. शेफील्डकर गडी चेंडूला हात लावीत, म्हणून क्लबानें त्यांना पांढरे हातमोजे दिले व मुठींत धरण्यास रुप्याचीं नाणीं दिलीं, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट गोड आहे. परंतु वर सांगितलेल्या कलमाप्रमाणें चेंडूला हातानें तडाखा देण्याची मोकळीक १८५८ सालीं स्पष्ट होती. जी गोष्ट नियमानेंच दिलेली, ती टाळण्यासाठीं नाणीं कोण वांटील? नंतरच्या, हाताची मोकळीक गेल्यावरच्या काळाशीं ही कथा जोडावी तर जोडावी. क्लबाच्या जन्माशीं ती जुळत नाहीं. बखर व अस्सल कागद यांचा विरोध आला असतां कागद प्रमाण मानावा, हें मंडळाच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नकोच.

पुढील हकीगत थोडक्यांत अशी. १८६० सालीं शेजारीं हॅलम क्लब निघाला, आणि २६ डिसेंबर १८६० रोजीं सँडीगेट येथें या दोहोंचा सामना होऊन शेफील्डनें दोन गोलांनीं जिंकला. दोन क्लबांमधील पहिला सामना म्हणून तो गणला जातो. १८६३ सालीं लंडनमध्यें फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, तेव्हां शेफील्डचा कार्यवाह विल्यम चेस्टरमन यानें तिला पत्र लिहून चेंडू घेऊन धांवणें व नडगीवर लाथा मारणें यांस विरोध कळविला. हें पत्र १ डिसेंबरच्या सभेंत वाचलें गेल्याची नोंद लंडनच्या सभावृत्तांतांत आहे. एका पक्षाचें म्हणणें दुसऱ्या पक्षाच्या दप्तरांत सांपडावें, यापरतें बळकट प्रमाण नाहीं. असोसिएशनचें सभासदत्व घेऊनही शेफील्डनें आपले नियम सोडले नाहींत. ३१ मार्च १८६६ रोजीं लंडनच्या संघाशीं बॅटरसी पार्कवर सामना झाला, त्यांत ते हरले. तरीही स्वतःच्या गांवीं ते स्वतःचाच खेळ खेळत राहिले. मैदानाच्या कोपऱ्यावरून लाथ मारण्याची चाल लंडननें १८७२ सालीं शेफील्डकडून उचलली, आणि १८७७ सालीं दोन्हीकडचे नियम एक झाले. हरणाऱ्या पक्षाची रीत जिंकणाऱ्याच्या कायद्यांत शिरते, असें राज्यव्यवहारांत आपण पाहतों. येथें तें चेंडूच्या खेळांत घडलें.

१८८५ सालीं पैसे घेऊन खेळणें कायदेशीर झाल्यावर या क्लबाचें महत्त्व ओसरलें. त्याच गांवचे वेन्सडे व युनायटेड हे संघ पैशाच्या वाटेनें मोठे झाले. शेफील्ड क्लब हौशीच राहिला, आणि केवळ हौशी संघांसाठीं निराळी ढाल असावी, अशी सूचना त्यानें असोसिएशनला केली. ती आधीं नाकारली गेली, परंतु १८९३ सालीं तशी ढाल सुरू झाली. १९०४ सालीं ईलिंगचा ३–१ असा पराभव करून ती या क्लबानेंच जिंकली. त्यानंतर लक्षांत घेण्याजोगी गोष्ट म्हणजे १९७७ सालीं दुसऱ्या एका ढालीच्या अंतिम सामन्यापर्यंत क्लब पोंचला, व तेथें हरला. दीडशेंवें वर्ष २००७ सालीं इटलीच्या इंटर मिलानशीं सामना करून साजरें झालें. स्वतःचें म्हणतां येईल असें मैदान मात्र क्लबाला २००१ सालापर्यंत नव्हतें. तें शेवटीं शेजारच्या डर्बीशायरमध्यें, ड्रॉनफील्ड येथें, एका खाणावळीच्या लगत मिळालें.

२०११ चा लिलाव या संदर्भांत पाहिला पाहिजे. मैदानाच्या कामासाठीं पैसा हवा म्हणून क्लबानें आपलें दप्तर विकलें. लेखकाच्या मतें विकणारास दोष देणें सोपें पण अन्यायाचें आहे. खेळणाऱ्या मंडळीचें पहिलें कर्तव्य खेळत राहणें हें होय. दीडशें वर्षें तिनें कागद जपले, हेंच पुष्कळ झालें. हळहळ वाटते ती निराळ्या कारणासाठीं. खर्डा, छापील प्रत व सभांच्या वह्या यांची किंमत एकत्र असण्यांत आहे. सुटा खर्डा म्हणजे एक शोभेची वस्तु; वहीच्या शेजारीं ठेवलेला खर्डा म्हणजे पुरावा. घेणाराचें नांव जाहीर झालें नाहीं. आपल्याकडेही वाड्यांतले रुमाल सुटून एकेक कागद निरनिराळ्या संग्राहकांकडे गेला कीं काय होतें, याचा अनुभव वाचकांपैकीं कित्येकांस असेल.

या कथेंत एक पुरवणी आहे. लिलावाच्या वेळीं १८५९ च्या चोपडीची ती एकमेव उपलब्ध प्रत म्हणून सांगितली गेली होती. दहा वर्षांनीं, २०२१ सालीं, इंग्लंडांतील एका जुन्या कात्रणांच्या वहींत तिची दुसरी प्रत मिळाली व सदबीकडेच विक्रीस आली. तिला ५६,००० पौंडांहून अधिक किंमत मिळाली. यापुढें त्या चोपडीच्या वर्णनांतून ‘एकमेव’ हा शब्द काढून टाकावा लागेल.