मागचा बार आणि वाशिमचे रस्ते

छोट्या गाडीच्या मागच्या चाकांमध्ये बाजारातून आणलेला स्टॅबिलायझर बार बसवला की ती वळणावर कमी कलते, हे खरे आहे. कमी कलते म्हणजे रस्ता अधिक घट्ट धरते, हा त्यातून काढला जाणारा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. हा फरक समजून घ्यायला वाशिमसारखा जिल्हा फार सोयीचा, कारण इथल्या एकाच गाडीला एकाच दिवसात अगदी वेगवेगळे रस्ते भेटतात. कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो आणि त्याची सुमारे 97 किलोमीटर लांबी या जिल्ह्यात आहे. पातूरकडून मेडशीमार्गे मालेगाव आणि वाशिमकडे येणारा राष्ट्रीय महामार्ग अजिंठ्याच्या डोंगररांगेतली वळणे घेतो. आणि या दोन्हींवरून खाली उतरले की काळ्या मातीवर बांधलेले गावरस्ते सुरू होतात. या तिन्ही रस्त्यांवर बारचे काम तपासले तर एकच उत्तर मिळते: इथल्या रोजच्या वापरातल्या छोट्या गाडीला मागचा जादा बार लावू नये. त्यामागची कारणे वेगाच्या भीतीतून आलेली नाहीत, ती टायरच्या स्वभावात आहेत.

बार म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवलेला पोलादी दांडा. मधला लांब भाग रबरी बुशांमध्ये धरलेला असतो आणि दोन्ही टोके डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. दोन्ही चाके एकदम वर गेली, म्हणजे स्पीड ब्रेकरवर, तर दांडा बुशांमध्ये नुसता फिरतो आणि कसलाही विरोध करत नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली जाऊ लागले, तर ओला कपडा पिळताना दोन हात उलट दिशांना फिरतात तशी त्याची दोन टोके फिरतात आणि दांडा पिळला जातो. या पिळण्याला पोलादाचा होणारा विरोध गाडीला कलू देत नाही. कॅनडातल्या फ्रेडरिक्टन इथल्या स्टीफन कोलमन यांना या कल्पनेचे पेटंट 1919 मध्ये मिळाले होते. तत्त्व तेव्हापासून बदललेले नाही. दांड्याची ताठरता व्यासाच्या चौथ्या घाताने वाढते, ही गोष्ट ग्राहकाने नीट लक्षात घ्यायला हवी. 19 मिलिमीटरच्या जागी 22 मिलिमीटरचा भरीव बार घेतला तर हाताला जेमतेम तीन मिलिमीटरचा फरक लागतो, पण ताठरता सुमारे 80 टक्क्यांनी वाढते. ‘थोडासा जाड’ अशी गोष्ट या व्यवहारात नसते.

आता कलण्याकडे वळू. गाडी वळते तेव्हा आतल्या चाकांवरचे काही वजन बाहेरच्या चाकांवर जाते. किती जाते, हे चार गोष्टी ठरवतात: गाडीचे वजन, वळण्याचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर. हजार किलोची गाडी, गुरुत्वमध्य 55 सेंटिमीटर उंच, चाकांमध्ये 145 सेंटिमीटर अंतर आणि गुरुत्वाकर्षणाच्या चार दशांश इतका वळण्याचा जोर धरला, तर साधारण दीडशे किलो वजन आतून बाहेर जाते. या हिशेबात बार कुठेच येत नाही. कलणे कमी केल्याने गुरुत्वमध्य बाहेरच्या बाजूला थोडा कमी सरकतो, पण त्याचा वाटा किरकोळ असतो. बार जे करतो ते वेगळेच आहे. या दीडशे किलोंपैकी किती पुढच्या जोडीने पेलायचे आणि किती मागच्या, ती वाटणी तो बदलतो. जो भाग जास्त ताठर, त्याच्या वाट्याला जास्त. मागे बार लावला की मागच्या दोन चाकांमधली तफावत वाढते आणि पुढच्या दोन चाकांमधली घटते.

तफावत वाढल्याने बिघडते काय, याचे उत्तर टायरमध्ये आहे. टायरवरचा भार दुप्पट केला तर त्याची पकड दुपटीपेक्षा कमी वाढते. केवळ समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. मागच्या दोन टायरवर मिळून 400 किलो आहेत. दोघांवर दोनशे-दोनशे असतील आणि पकड भाराच्या 90 टक्के असेल, तर एकूण पकड 360. वळणात बाहेरच्यावर 300 आणि आतल्यावर 100 आले; जास्त भारावर पकडीचे प्रमाण 85 टक्क्यांवर उतरते, कमी भारावर 95 वर चढते, आणि बेरीज होते 350. बार लावून तीच विभागणी 380 आणि 20 अशी केली, तर त्याच नियमाने बेरीज 328 च्या आसपास येते. गाडी सरळ दिसते, प्रवाशाला हलके वाटते आणि मागच्या चाकांची एकूण पकड त्याच वेळी कमी झालेली असते. पुढच्या चाकांना तेवढा फायदा मिळतो, म्हणून स्टिअरिंग फिरवताच नाक चटकन वळते. ‘गाडी एकदम शार्प झाली’ असे जे सांगितले जाते ते अनुभव म्हणून अगदी बरोबर आहे. त्या चपळाईची किंमत मागच्या टायरांकडून वसूल झालेली असते, एवढेच त्यात सांगायचे राहून जाते.

कारखान्यातून निघणारी छोटी गाडी मुद्दाम उलट्या बाजूला झुकवलेली असते. वळणात वेग जास्त झाला तर तिची पुढची चाके आधी घसरतात आणि नाक वळणाच्या बाहेर जाऊ लागते. याला अंडरस्टीअर म्हणतात. घाबरलेला माणूस अशा वेळी आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढतो. त्यामुळे वेग उतरतो, वजन पुढे येते, पुढची चाके पुन्हा पकड धरतात आणि भीतीपोटी केलेली ती कृतीच त्याला वाचवते. मागचा भाग आधी निसटणारी, म्हणजे ओव्हरस्टीअर करणारी गाडी नेमक्या त्याच कृतीने जास्त बिघडते. पाय काढला की मागची चाके आणखी हलकी होतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते. तिला सावरायला स्टिअरिंग उलट दिशेने, योग्य तेवढेच आणि योग्य क्षणी फिरवावे लागते, आणि ते शिकवणारी ड्रायव्हिंग स्कूल आपल्याकडे सहसा सापडत नाही.

इतिहासातली दोन उदाहरणे हेच सांगतात. अमेरिकेतली शेव्हरोले कॉर्व्हेअर ही मागे इंजिन असलेली गाडी 1960 च्या मॉडेलपासून पुढचा बार न देता विकली गेली. मागचा भाग निसटण्याच्या तिच्या प्रवृत्तीवर राल्फ नेडर यांनी 1965 च्या ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ या पुस्तकाचे पहिले प्रकरण लिहिले. त्याआधीच, 1964 च्या मॉडेलमध्ये, कंपनीने पुढचा बार सरसकट द्यायला सुरुवात केली होती. अमेरिकी सरकारच्या 1972 च्या अहवालाने ही गाडी तिच्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नव्हती असे म्हटले, हेही नमूद करायला हवे. पण बार कोणत्या टोकाला लावला यावर गाडीचा स्वभाव फिरतो, हा मुद्दा त्या वादाने निकालात काढला नाही. दुसरे उदाहरण मर्सिडीजच्या ए-क्लासचे. ऑक्टोबर 1997 मध्ये एका स्वीडिश मासिकाच्या चाचणीत, समोर अचानक आलेले सांबर चुकवावे तशी झटकन डावी-उजवी वळणे घेताना ही छोटी, उंच गाडी उलटली. कंपनीने विक्री थांबवली, सस्पेन्शन नव्याने जुळवले आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा प्रत्येक गाडीत दिली. एवढ्या मोठ्या कंपनीच्या अभियंत्यांनाही छोट्या गाडीचा हा तोल पुन्हा मांडावा लागला. बाजारातला बार मात्र तोच तोल एका दुपारी बदलून टाकतो.

यावर पहिला आक्षेप असा, की कंपन्या पैसे वाचवण्यासाठी मागचा बार देतच नाहीत, आपण फक्त उणीव भरून काढतो. काही गाड्यांत खर्च हे कारण असेलही. पण स्विफ्ट, आय20, टियागो यांसारख्या गाड्यांच्या मागे दोन चाकांना जोडणारा जो आडवा पोलादी बीम असतो, तो स्वतःच पिळला जाऊन बारचे काम करतो. 1974 च्या फोक्सवॅगन गोल्फने ही रचना छोट्या गाड्यांत रूढ केली. त्या बीमच्या पत्र्याची जाडी, त्याच्या उघड्या तोंडाची दिशा, त्याचे चाकापासूनचे अंतर, यांवरून गाडीला मागे किती ताठरता द्यायची ते आधीच ठरलेले असते. तेव्हा मागे बार ‘नाही’ असे म्हणणेच चूक आहे. तो आहे, आणि दुसरा लावला की त्याची भर त्यावर पडते.

समृद्धीवर तरी उपयोग होईल, हा दुसरा आक्षेप. तिथे मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. एक किलोमीटर त्रिज्येचे वळण या वेगाने घेतले तर वळण्याचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या जेमतेम 11 टक्के भरतो, आणि रस्त्याला दिलेला आडवा उतार त्यातलाही काही भाग शोषून घेतो. एवढ्याने गाडी कलते किती? बारला तिथे जवळपास काम नसते. त्याला काम पडते ते फक्त एका प्रसंगी: नीलगाय, रानडुक्कर किंवा फुटलेल्या टायरचा तुकडा चुकवताना. ताशी 110 च्या वेगात डावीकडे आणि लगेच उजवीकडे असा झटका बसतो, आणि दुसऱ्या झटक्यात मागची पकड सर्वांत जास्त लागते. बारने ती तिथेच कमी केलेली असते. मेडशीच्या बाजूच्या वळणांचे गणित वेगळे आहे. तीस मीटर त्रिज्येचे वळण ताशी 40 ने घेतले तर जोर 42 टक्क्यांवर जातो. कोरड्या डांबरावर तिथे बारची गंमत खरोखर कळेल. पावसाळ्यात त्याच वळणावर शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरने चिखल आणून ठेवलेला असतो, किंवा सुगीत सोयाबीनचा भुसा पसरलेला असतो, आणि टायरला मिळणारी पकड निम्म्यावर येते. मागची चाके तेव्हा आधी सुटतील.

गावरस्त्यांचा प्रश्न मला यात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथल्या गाडीचा बराचसा जन्म तिथेच जातो. बेसाल्ट झिजून तयार झालेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. ते पावसात पाणी शोषून फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. रस्त्याच्या कडेला पाणी सहज आत-बाहेर होते, मध्यभागी होत नाही, त्यामुळे कडा आणि मध्य वेगवेगळ्या प्रमाणात वर-खाली होतात. डाव्या चाकाखालचा रस्ता आणि उजव्या चाकाखालचा रस्ता असे दोन निराळे रस्ते तयार होतात. त्यात एकेरी रस्त्याची रुंदी 3.75 मीटर. समोरून साधारण अडीच मीटर रुंदीची एसटी आली आणि आपली गाडी 1.7 मीटरची असली, तर बेरीज 4.2 होते. कुणाला तरी डावी चाके डांबराखाली, साइडपट्टीवर उतरवावी लागतात. ही नेमकी एका चाकाची हालचाल आहे, जिला बार विरोध करतो. डावे चाक खड्ड्यात उतरायला निघाले की बार त्याला वर ओढतो आणि उजव्यालाही हिसका देतो. चाक जमिनीला चिकटून राहण्याऐवजी क्षणभर हलके होते आणि गाडीचे धूड डावीकडून उजवीकडे डुलत राहते. कच्च्या रस्त्यांवरच्या रॅलीत गाड्यांचे बार मऊ ठेवतात ते याच कारणासाठी. शर्यतीच्या गुळगुळीत ट्रॅकवर पुढच्या चाकांवर चालणारी छोटी गाडी मागचे आतले चाक हवेत उचलून वळते आणि वेळ वाचवते, तिथे ताठर मागचा बार योग्यच आहे. रिसोड किंवा मानोरा तालुक्यातल्या रस्त्यावर तोच बार उलट वागेल.

नव्या गाडीतली स्थिरता यंत्रणा सांभाळून घेईल, असाही एक युक्तिवाद असतो. ही यंत्रणा मोलाची आहे. भारत एनसीएपी या गाड्यांच्या सुरक्षा मानांकनात तीन किंवा जास्त तारे मिळवायचे तर ती लागतेच. पण ती एकेका चाकाला ब्रेक लावून काम करते, म्हणजे टायरमध्ये उरलेली पकडच वापरते, आणि तिचे आकडे कारखान्यातल्या सस्पेन्शनला धरून बसवलेले असतात. डिक्कीत सीएनजीची टाकी असलेल्या गाडीत तर मागचे वजन आधीच वाढलेले असते. तिथे जादा बार म्हणजे मागच्या टायरांवर दुसरे ओझे.

तरीही गाडी फार कलते ही तक्रार खोटी नसते, मागे बसलेल्याला मळमळते हेही खरे असते. मग आधी टायरमधली हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे आहे का ते पाहावे. शॉक अ‍ॅब्सॉर्बरला तेलाचा ओघळ आहे का, पुढच्या बारच्या लिंकचे, म्हणजे त्याची टोके सस्पेन्शनला जोडणाऱ्या छोट्या दांड्यांचे, बॉल जॉइंट सैल झालेत का, बीमचे रबरी बुश फाटलेत का, हेही तपासावे. यांतले काही झिजलेले असेल तर ते बदलल्याने गाडीचा मूळ तोल परत येतो आणि मागची पकड एका किलोनेही कमी होत नाही.

आणि एवढे समजूनही कुणाला बार लावायचाच असेल, तर कामाची रीत महत्त्वाची. पुढची चाके अडवून, गाडीचा मागचा भाग दोन्ही बाजूंना सारख्या उंचीच्या घोड्यांवर (जॅक स्टँडवर) टेकवावा. ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल आणि सायलेन्सर यांपासून बार पूर्ण हालचालीत मोकळा राहतो का ते हाताने फिरवून बघावे. बीमला किंवा चासीला भोक पाडायला किंवा वेल्डिंग करायला सांगणारा बार घेऊच नये. बुश आणि लिंकचे नट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, टॉर्क रेंचने. लटकत्या चाकांवर आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते. दोन्ही लिंकची लांबी सारखी नसेल तर गाडी सरळ उभी असतानाही बार एका बाजूला ढकलत राहतो. टोकांना दोन भोके असतील तर दांड्याच्या मधल्या भागापासून दूरचे भोक निवडावे. बारचा हात, म्हणजे मधल्या भागापासून भोकापर्यंतचे अंतर, वीसऐवजी अठरा सेंटिमीटरचा केला तरी ताठरता 23 टक्क्यांनी चढते. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधने आहेत आणि 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये प्रत्येक नियमबाह्य बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओ आणि विमा कंपनी या दोघांकडून लेखी उत्तर घ्यावे. विकणाऱ्याला विचारायचा प्रश्न एकच आहे: हा बार माझ्या गाडीच्या मागच्या टोकाची ताठरता किती टक्क्यांनी वाढवतो? व्यास आणि रंग सांगून जो थांबेल, त्याच्याकडून तो घेऊ नये.