खऱ्या पैठणीचा खरा भाव

येवल्यात पैठणी घ्यायला आलेले गिऱ्हाईक भाव विचारण्याआधी एक प्रश्न विचारते, "ही हातमागाचीच आहे ना?" दुकानदार याचे काय उत्तर देतो, यावर एका विणकराच्या घरची चूल अवलंबून असते. आपल्या समाजातील पुष्कळ बांधव कापडाच्या धंद्यात आहेत. कोणी विणतो, कोणी रंगवतो, कोणी गाळ्यावर बसून विकतो. म्हणून हा प्रश्न आपल्या सर्वांचाच आहे.

हातमागाची पैठणी महाग का, हे आधी समजून घेऊ. रेशीम मुख्यतः बंगळूरकडून येते, जर सुरतेहून येते. पदरावरचा मोर, मुनिया किंवा आसावली ही नक्षी विणकर रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्या हाताने फिरवून, एक एक धागा मोजून भरतो. पदर भरगच्च असेल तर एका साडीला कित्येक महिने लागतात. म्हणूनच अस्सल पदर उलटा करून पाहिला तरी नक्षी सुलट बाजूसारखीच स्वच्छ दिसते. यंत्रमागावरच्या नकलेत मागच्या बाजूला कापलेले किंवा लोंबणारे धागे दिसतात. ही साधी पारख प्रत्येक दुकानदाराने गिऱ्हाइकाला स्वतःहून शिकवावी.

मालेगावचा धडा

येवल्याहून मनमाडमार्गे मालेगाव फार दूर नाही. १८५७ च्या उठावानंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन-अन्सारी विणकरांनी ते गाव कापडाचे केंद्र बनवले. हातमाग होते तोवर तेथली साडी विणकराच्या हाताने ओळखली जाई. पुढे यंत्रमाग आले आणि मालेगावची रंगीत सुती साडी दूरदूरच्या बाजारात गेली. मग स्वस्त सिंथेटिक साडी आली आणि ती बाजारपेठ आटली. आज तेथील बहुतेक मागांवर कोरे कापड निघते. त्यावरची रंगाई-छपाई बव्हंशी दुसऱ्या गावी होते, भावही दुसरीकडेच ठरतो. मंदी आली की कारखानदार माग बंद ठेवतो आणि मजूर घरी बसतो.

यंत्रमागाची रोजी हलाल आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु ज्या मालाची ओळख फक्त स्वस्ताई असते, त्याला त्याहून स्वस्त माल येताच बाजार सोडावा लागतो, हे मालेगावने सोसून पाहिले आहे. हातमागाजवळ स्वस्ताई कधीच नव्हती. त्याच्याजवळ आहे ते नाव, आणि नाव टिकते ते सचोटीने. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) हिमरूचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. आपल्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले हे कापड. यंत्रमागाचा माल हिमरू म्हणून विकला जाऊ लागला आणि खऱ्या हिमरूचे हातमाग बोटांवर मोजण्याइतके उरले.

मजुरीचा हिशेब

आता दुसरी बाजू. बहुतेक विणकरांकडे स्वतःचे भांडवल नसते. व्यापारी रेशीम आणि जर देतो, विणकर मजुरीवर विणतो. समजा, एका साडीला दोन महिने लागले आणि मजुरी १२ हजार रुपये ठरली. म्हणजे महिन्याला ६ हजार, दिवसाला २०० रुपये. त्यात कांड्या भरणाऱ्या पत्नीचे आणि मुलीचे श्रम धरलेलेच नाहीत. ते धरले तर माणशी किती पडले? हा हिशेब प्रत्येक व्यापाऱ्याने एकदा कागदावर मांडून पाहावा. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत देशात सुमारे ३५ लाख हातमाग कामगार नोंदले गेले, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक विणकर कुटुंबांचे उत्पन्न महिन्याला ५ हजारांच्या आत होते. अशा घरातला मुलगा मागावर कशाला बसेल?

स्वस्ताईची किंमत शेवटी कोणीतरी मोजतोच. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली. पाश्चात्त्य बाजारासाठी कपडे शिवणारे १,१०० हून अधिक मजूर तिच्याखाली गेले. भिंतींना तडे गेल्याचे आदल्या दिवशीच दिसले होते, तरी मजुरांना कामावर बोलावले गेले. त्यानंतर कपडा कोणी शिवला आणि त्याला काय मिळाले, हे विचारणारे गिऱ्हाईक जगभर वाढले. विजेशिवाय चालणारा, वर्षानुवर्षे टिकणारे कापड देणारा हातमाग अशा गिऱ्हाइकाला हवाच आहे. मात्र त्याला खात्री पाहिजे.

महेश्वरचा मार्ग

असा धंदा चालतो का? नर्मदाकाठी महेश्वर येथे होळकर घराण्यातील रिचर्ड आणि सॅली होळकर यांनी १९७८ मध्ये रेहवा सोसायटी सुरू केली. तेथील विणकरांत अन्सारी बांधवही मोठ्या संख्येने आहेत. मोडकळीस आलेल्या महेश्वरी साडीला संस्थेने नवे गिऱ्हाईक मिळवून दिले आणि मिळकतीतून विणकरांची घरे, मुलांची शाळा, औषधोपचार यांकडे लक्ष दिले. म्हणजे नफा आणि न्याय एकाच वहीत मांडता येतात.

आपण काय करावे?

१) पैठणीला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळालेले आहे. १९९९ च्या कायद्यानुसार विणकराला चेन्नई येथील नोंदणी कार्यालयाकडे अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवता येते. खोट्या वापराला कारावास आणि दंड या दोन्हींची तरतूद आहे. विणकरांनी एकत्र येऊन ही नोंदणी करावी.

२) रेशमासाठी २००४ पासून सिल्क मार्क आणि हातमागासाठी २००६ पासून हँडलूम मार्क ही चिन्हे आहेत. ती घ्यावीत, आणि साडीच्या चिठ्ठीवर विणकराचे नाव व लागलेले दिवस लिहावेत.

३) यंत्रमागाचा माल विकायचा असेल तर खुशाल विकावा, पण दुसऱ्या फळीवर ठेवून, त्याच नावाने आणि त्याच भावाने. बिलावरही तसेच लिहावे.

४) मजुरी दिवसांच्या हिशेबाने ठरवावी आणि साडी मागावरून उतरताच द्यावी. माल विकेपर्यंत विणकराला ताटकळत ठेवू नये.

५) उरलेल्या रेशमाचे व सदोष तुकड्यांचे बटवे, पर्स, जॅकेट करावे. माल वाया जात नाही आणि घरातील स्त्रियांच्या हाताला काम मिळते.

६) कुवत असलेल्या व्यापाऱ्यांनी मिळून रेशीम खरेदीसाठी बिनव्याजी कर्जाची, कर्ज-ए-हसनाची पेढी उभी करावी. स्वतःचे रेशीम असलेला विणकर भाव सांगू शकतो.

प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः व्यापारी होते. बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आतून ओल लागली, तेव्हा त्यांनी त्या विक्रेत्याला ओला माल वर ठेवण्यास फर्मावले आणि फसवणाऱ्याला आपल्यांत गणले नाही. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याची मजुरी चुकती करण्याची शिकवणही त्यांचीच. पहिली शिकवण गिऱ्हाइकाच्या हक्काची, दुसरी कारागिराच्या हक्काची. पैठणीच्या धंद्याला या दोहोंपलीकडे वेगळ्या नियमाची गरज नाही.

म्हणून उद्या गिऱ्हाईक विचारील, "ही हातमागाचीच आहे ना?" तेव्हा पदर उलटा करून दाखवा आणि खरे ते सांगा. एखादी विक्री हातची जाईल. पण खरे ऐकून गेलेले गिऱ्हाईक लेकीच्या लग्नाला पुन्हा तुमच्याच पायरीवर येईल. धंद्यातली बरकत तीच, इन्शाअल्लाह.