मधल्या इंग्रजी शब्दांचा अभ्यास : सोप्या व्याख्येची वाट

आपल्या ट्रस्टच्या अभ्यासिकेत संध्याकाळी बसणाऱ्या मुलांच्या वह्या पाहण्याचा योग मला वरचेवर येतो. इंग्रजीच्या वहीत मागच्या बाजूस बहुतेक सर्वांनी दोन रकाने आखलेले असतात. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. अक्षर वळणदार, शब्दही शेकड्यांनी. परंतु त्यांतला एखादा शब्द घेऊन वाक्य कर असे म्हटले, की मुलगा खाली पाहू लागतो. मुलांच्या इंग्रजीविषयी स्मरणिकेसाठी काही लिहा, अशी चिटणीसांची आज्ञा झाली तेव्हा मला प्रथम आठवली ती ही दोन रकान्यांची वही. हल्ली वहीऐवजी मोबाईल आला आहे, पण तोही बहुधा एका शब्दापुढे दुसरा शब्द ठेवून मोकळा होतो. म्हणजे रकाने तेच.

दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला बेळगावचा विद्यार्थी पी. यु. सी.ला विज्ञान किंवा वाणिज्य शाखेत गेला, म्हणजे त्याची सारी पुस्तके एकाएकी इंग्रजी होतात. त्याचे घोडे कोठे अडते? 'ऑक्सिजन' किंवा 'डेबिट' ह्या शब्दांपाशी नाही. ते वर्गात शिकवले जातात आणि इंग्रजी शाळेतून आलेल्या मुलांनाही नवेच असतात. 'टेबल', 'गो', 'बिग' हे तर लहानपणीच झाले. अडवतात ते मधले शब्द : रिफ्यूज, अवॉइड, अफोर्ड, प्रिव्हेंट, रिलक्टंट. हे कोणी शिकवीत नाही. खालच्या वर्गाच्या मास्तरांना वाटते की ते पुढे होतील, आणि कॉलेजच्या प्राध्यापकांना वाटते की ते मागेच झाले असतील.

आता 'नाकारणे' हाच शब्द घ्या. खिशातल्या शब्दकोशात रिफ्यूज म्हणजे नाकारणे, डिनाय म्हणजे नाकारणे आणि रिजेक्ट म्हणजेही नाकारणेच. तिन्ही अर्थ बरोबर आहेत, आणि तिन्ही मिळून मुलाला काहीच सांगत नाहीत. ह्याच शब्दांचा अर्थ त्याला येणाऱ्या साध्या इंग्रजीत सांगून पाहा. 'टु रिफ्यूज इज टु से यू विल नॉट डू इट ऑर टेक इट.' 'टु डिनाय इज टु से इट इज नॉट ट्रू.' 'टु रिजेक्ट इज टु लुक ॲट समथिंग अँड से इट इज नॉट गुड इनफ.' ह्या तीन वाक्यांत एकही अवघड शब्द नाही, आणि तिघांची घरे वेगळी झाली. चहा नको म्हणणारा रिफ्यूज करतो. मी चहा घेतलाच नाही म्हणणारा डिनाय करतो. एक घोट घेऊन पेला परत करणारा रिजेक्ट करतो.

गंमत अशी, की मराठी येथे मुळीच दरिद्री नाही. कोर्टात आरोपी गुन्हा नाकबूल करतो आणि कचेरीत साहेब अर्ज नामंजूर करतो. पहिला शब्द डिनायच्या जवळ, दुसरा रिजेक्टच्या. अरबी-फारसीतून कचेरीच्या वाटेने आलेले हे शब्द आपल्या आजोबांच्या तोंडी सहज असत. म्हणजे भेद आपल्याला ठाऊक आहे. तो एका शब्दाच्या रकान्यात मावत नाही एवढेच.

अफोर्डचा घोटाळा निराळा. परवडणे हा अर्थ अगदी चोख आहे. पण मराठीत वस्तू आपल्याला परवडते, इंग्रजीत माणूस वस्तू अफोर्ड करतो. पाठ केलेला अर्थ घेऊन मुलगा लिहितो, 'दिस बुक डज नॉट अफोर्ड मी.' त्याचे चुकले असे म्हणवत नाही. आपण त्याला शब्द दिला, पण त्याची चाल दिली नाही. 'इफ यू कॅन अफोर्ड अ थिंग, यू हॅव इनफ मनी टु बाय इट' असे वाक्य दिले असते, तर कर्ता कोण हे निराळे शिकवावे लागले नसते. व्याख्या पूर्ण वाक्यात असावी असा माझा आग्रह ह्याचसाठी आहे.

ह्या बाबतीत मी स्वतः चांगलाच ठेचाळलो आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी वडील आजारी पडले आणि माझी एक चाचणी चुकली. फीची सवलत टिकावी म्हणून कारण लिहून देणे भाग होते. मी कोश उघडला. अवॉइड म्हणजे टाळणे, चुकविणे. झाले! परीक्षा चुकली होती, तेव्हा शब्द जमला असे मला वाटले, आणि वडील आजारी असल्यामुळे 'आय अवॉइडेड द टेस्ट' असे मी ठळक अक्षरांत लिहून दिले. परीक्षा जाणूनबुजून टाळल्याची ती माझ्या हातची कबुली होती. सवलत गेली. त्या सत्राची फी आपल्या ट्रस्टच्या विद्यार्थी फंडातून भरली गेली, म्हणून माझे नाव हजेरीपटावर राहिले. चुकणे आणि चुकविणे ह्यांत जो फरक आहे, तोच मिस आणि अवॉइड ह्यांत आहे. अवॉइडच्या व्याख्येत 'ऑन पर्पज' हे दोन शब्द नसतील तर ती व्याख्या नव्हेच, हे मी तेव्हापासून विसरलेलो नाही.

सोप्या शब्दांत अर्थ सांगण्याची ही रीत परदेशी विद्वानांनी आपल्यावर लादली असे कोणी समजेल. तसे नाही, तिचे एक मोठे मूळ आपल्याच उपखंडात आहे. ढाक्याच्या टीचर्स ट्रेनिंग कॉलेजात मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षक काम करीत. बंगाली मुले कित्येक वर्षे इंग्रजी शिकूनही एखादे पुस्तक सुखाने वाचू शकत नाहीत, हे पाहून त्यांनी प्रयोग केले आणि 1926 साली त्यांचा द्वैभाषिकतेवरील अहवाल कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. मुलांच्या वाचनमाला त्यांनी मोजक्या शब्दांत नव्याने लिहिल्या. पुढे चीनमध्ये मिशनरी असलेल्या एंडिकॉट ह्या कॅनेडियन सहकाऱ्याबरोबर त्यांनी 1935 साली एक शब्दकोश काढला. त्यात शब्द आणि वाक्प्रचार मिळून सुमारे 24,000 नोंदी, आणि त्या सर्वांचा अर्थ अवघ्या 1,490 शब्दांत सांगितलेला! तेवढे शब्द ज्यास येतात त्याला सारा कोश खुला. 1755 सालच्या डॉ. जॉन्सन यांच्या थोर कोशात जाळ्याची व्याख्या जाळ्याहून अवघड शब्दांत आहे, हे आठवले म्हणजे वेस्ट यांचे काम ध्यानात येते.

त्याच सुमारास हॉर्नबी हे जपानमध्ये शिकवीत होते. त्यांचा विद्यार्थ्यांसाठीचा कोश 1942 साली टोकियोत निघाला आणि 1948 साली ऑक्सफर्डने तो पुन्हा छापला. 1978 च्या लाँगमन कोशाने व्याख्यांसाठी सुमारे 2,000 शब्दांची मर्यादा पाळली, आणि 1987 साली बर्मिंगहॅम विद्यापीठात सिंक्लेअर यांच्या देखरेखीखाली झालेल्या कोबिल्ड कोशाने अर्थ पूर्ण वाक्यांतून दिले. परभाषा शिकणाऱ्यांना शिकविताना वर्गात आलेली अडचण, हेच ह्या कोशांमागचे कारण.

आमच्या अभ्यासिकेतील रीत साधी आहे. एका दिवशी पाचच शब्द. मुलाने कोशातील व्याख्या वाचून कोश मिटायचा आणि ती आपल्या शब्दांत, पण आपल्याला येणाऱ्याच शब्दांत, वहीत लिहायची. मग मूळ शब्द हाताने झाकून ती शेजाऱ्यास वाचून दाखवायची. शेजाऱ्याने तो शब्द ओळखला तर व्याख्या पास. ओळखला नाही किंवा दुसराच सांगितला, तर काही तरी राहिले आहे. ते काय राहिले हे शोधताना जो वाद होतो, त्यात खरा अभ्यास होतो. शेवटी जवळचा मराठी शब्द कडेला लिहावा. तो आधी लिहिला की मूल पुढे विचारच करीत नाही. रिलक्टंट ह्या शब्दाची एका मुलीने केलेली व्याख्या मी जपून ठेवली आहे : 'माय मदर सेज येस, बट स्लोली.' ती वसतिगृहात राहावयास जाणार होती. कोशातला अनिच्छुक हा अर्थ तिने पाठ केला असता तर परीक्षेत गुण मिळाले असते, पण आईची संमती आणि तिची नाखुशी ह्या दोन्ही गोष्टी त्या एका शब्दात आहेत हे तिच्या ध्यानात आले नसते.

ही मात्रा सर्वच शब्दांना लागू करण्याचा हट्ट मात्र धरू नये. कांदा, हळद, कोपर, चिमणी अशा वस्तूंना मराठी शब्द देऊन मोकळे व्हावे. उग्र वासाची, गोल, सालीआड साली असलेली भाजी असे इंग्रजीत सांगत बसण्यात वेळ जातो आणि मूल लसूण समजते! शास्त्रातील संज्ञांनाही शिक्षकांनी वर्गात दिलेली व्याख्याच हवी. आणि ज्याला अद्याप पाच-सातशे शब्दही येत नाहीत, त्याच्यापुढे इंग्रजी व्याख्या ठेवणे म्हणजे पोहता न येणाऱ्यास विहिरीत ढकलणे होय. त्याने आधी तर्खडकरांच्या वाटेने भाषांतर करीत यावे.

अभ्यासिकेच्या कपाटात सध्या दोन जाडजूड इंग्रजी कोश आहेत. देणगीदारांनी मोठ्या प्रेमाने दिलेले ते ग्रंथ आमच्यासारख्यांना उपयोगी पडतात; पण मुले ते एकदा उघडतात आणि पुन्हा जाग्यावर ठेवतात. यंदा महोत्सवाच्या निधीतून ग्रंथखरेदी होईल तेव्हा आणखी एक जाडा ग्रंथ घेण्याऐवजी विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या मध्यम कोशाच्या चार-पाच प्रती घ्याव्यात, अशी माझी कार्यकारी मंडळास विनंती आहे. घेताना कोणतेही पान उघडून अवॉइड हा शब्द पाहावा. त्याची व्याख्या नववीच्या मुलाला कळली, तर तो कोश घेण्यास हरकत नाही.