घाटात मागे का पडतो?

सोलापूरहून तुळजापूरला सायकलने निघालेली दोन मुले डोळ्यांसमोर आणा. तामलवाडीपर्यंत थोराड मुलगा पुढे असतो. तुळजापूरचा घाट लागला की किडकिडीत मुलगा त्याला गाठतो आणि मागे टाकतो. वर पोहोचल्यावर मित्रांचा निकाल तयार: 'याच्यात दम नाही!' हा निकाल कितपत खरा, ते पाहू या.

सपाट रस्त्यावर वेग घेतला की मुख्य अडथळा हवेचा. वजन वाढले म्हणून हवा त्याच प्रमाणात जास्त अडवत नाही. घाटात वेग कमी, त्यामुळे हवेचा विरोध किरकोळ. तिथे प्रत्येक किलो गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर न्यावा लागतो. सायकलीसह एकाचे वजन ६० किलो, दुसऱ्याचे ८० किलो धरू. गुरुत्वत्वरण १० धरले, तर १०० मीटर उंची चढताना पहिल्याला ६०,००० ज्यूल आणि दुसऱ्याला ८०,००० ज्यूल कार्य करावे लागते. पहिल्याने १५० वॅट शक्ती लावली तर ४०० सेकंद लागतील. दुसऱ्याने १८० वॅट लावली तरी ४४४ सेकंद! जास्त शक्ती लावणाराच मागे पडला. घाटात दर किलोमागे किती वॅट, हे पाहावे लागते. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटासाठी 'घाटाचा राजा' हा वेगळा मान ठेवतात, तो उगीच नव्हे.

पण सगळे वजनावर ढकलूनही चालत नाही. स्पेनचा मिगेल इंदुराइन सुमारे ८० किलोचा. १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षे त्याने टूर द फ्रान्स जिंकली. ६ जुलै १९९६ रोजी आल्प्समधील लेझार्कच्या चढावर मात्र शेवटच्या काही किलोमीटरांत तो ढेपाळला. तीन मिनिटांहून अधिक वेळ गेला. नियमाबाहेर पेय घेतल्याबद्दल २० सेकंदांचा दंड झाला, तो वेगळाच. हाच थोराड देह आधी पाच वर्षे आल्प्स चढून गेला होता. मग झाले काय? स्नायूंत व यकृतात ग्लायकोजेनचा साठा असतो. दीड-दोन तासांच्या कठोर श्रमात तो संपत येतो. वेळेवर खाल्ले-प्यायले नाही, तर शरीराला चरबीवर भागवावे लागते, आणि चरबीतून ऊर्जा सावकाश मिळते. त्या पेयासाठीची धडपड याच कारणाकडे बोट दाखवते.

तेवढ्याने तीन आठवड्यांचा उलगडा होत नाही, हेही खरे. इंदुराइन अखेर अकरावा आला. विजेता डेन्मार्कचा ब्यार्ने रीस. त्याने २००७ मध्ये ईपीओ घेतल्याची कबुली दिली. हे बंदी असलेले द्रव्य रक्तातील तांबड्या पेशी वाढवते. म्हणजे ज्यांच्याशी तुलना करून आपण एखाद्याला 'संपला' म्हणतो, त्यांचे आकडेही तपासायला हवेत. त्याच ऑगस्टमध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये इंदुराइनने घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवले. अर्थात तिथे आल्प्स नव्हता!

शाळेच्या जिन्यावर हे करून पाहता येईल. जिन्याची एकूण उंची मीटरमध्ये मोजा. वजन, उंची आणि १० यांचा गुणाकार करून लागलेल्या सेकंदांनी भागा, म्हणजे वॅट मिळतील. त्याला पुन्हा वजनाने भागा. दोन्ही याद्यांत पहिला येणारा विद्यार्थी बहुधा एकच नसतो. जिना काही सेकंदांचा, त्यात ग्लायकोजेन संपत नाही. तुळजापूरच्या घाटात मागे पडलेल्या मुलाला मात्र आधी विचारावे, सकाळी काय खाऊन निघाला होतास?