बाळ ठणठणीत, मग टेन्शन कसलं?

रात्री दीडला कॅलिफोर्नियाहून मावसबहिणीचा फोन. मुलगी झाली! गुलाबी गाल, आणि भूक लागली की अख्खं हॉस्पिटल डोक्यावर घेते. पुढच्याच वाक्याला बाईसाहेब रडायला लागल्या. कळा सुरू असताना हिला ताप आला, म्हणून सलाइनमधून अँटिबायोटिक दिलं होतं. आता नर्स दर थोड्या तासांनी बाळाला तपासतेय. व्हिसा रखडल्यामुळे डोंबिवलीत अडकलेली मावशी कॉन्फरन्स कॉलवर कडाडली, "पोर धडधाकट आहे ना? मग कशाला छळतायत तिला?"

मावशीचा प्रश्न रास्त आहे. डॉक्टर मंडळीही त्यावर बरीच वर्षं डोकं खाजवतायत.

ग्रुप बी स्ट्रेप हा बॅक्टेरिया अनेक बायकांच्या शरीरात गुपचूप राहतो. आईला त्रास शून्य, पण बाळाला लागण झाली तर काही तासांत खेळ बिघडतो. म्हणून अमेरिकेत अशा आयांना बाळंतपणातच पेनिसिलिन देतात, शक्यतो जन्माआधी किमान ४ तास. परिणाम जबरदस्त! १९९०मध्ये हजारामागे १.८ बाळांना होणारा हा आजार २०१५पर्यंत ०.२३वर आला.

पण आईला ताप असेल, तर? पूर्वी सरळ हिशेब होता. बाळ कितीही छान दिसो, रक्त काढा, अँटिबायोटिक सुरू करा. म्हणजे आई एका खोलीत, बाळ दुसरीकडे आणि दूध पाजायची बोंब. त्यात जन्माच्या ताणानेही पांढऱ्या पेशी वाढतात, त्यामुळे ब्लड रिपोर्टवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही.

यावर तोडगा काढला नॉर्दर्न कॅलिफोर्नियातल्या कैसर परमनेंटेच्या डॉक्टरांनी. आईचा ताप, गर्भाचे आठवडे, पाणमोट फुटून किती तास झाले, अँटिबायोटिक कुठलं आणि कधी दिलं, हे सगळं टाकलं की कॅल्क्युलेटर धोका सांगतो. मग त्याला जोड बाळाच्या तपासणीची. श्वास जोरात चाललाय का? कण्हतंय का? दूध ओढत नाहीये का? २०१७मध्ये त्यांचे आकडे छापून आले: पहिल्या २४ तासांत अँटिबायोटिक मिळणारी बाळं ५ टक्क्यांवरून २.६वर, ब्लड कल्चर १४.५वरून ४.९वर. आणि त्यामुळे बाळांचं काही वाईट झाल्याचं दिसलं नाही.

थांबा, लगेच मोबाइलवर आकडेमोड नको! हे गणित तिकडच्या जंतूंवर बेतलंय. दिल्लीतल्या तीन हॉस्पिटल्समधला मोठा अभ्यास २०१६मध्ये आला, त्यात अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला असे भलतेच व्हिलन निघाले, तेही अनेक औषधांना दाद न देणारे. तेव्हा आपल्याकडे निर्णय तुमच्या बालरोगतज्ज्ञांचाच. आईला कुठलं औषध कधी दिलं, हे मात्र त्यांना नक्की सांगा. घरी आल्यावर बाळ सुस्त वाटलं किंवा अंग तापलं, गार पडलं, तर सकाळची वाट बघू नका.

तिसऱ्या दिवशी भाची घरी आली. रक्त एकदा काढलंच होतं. मावशीला ते अजून कुणी सांगितलेलं नाही.