काकवी मोजायची कशी?

पाण्याची वाटी उपडी केली की पाणी सगळे खाली पडते. काकवीची वाटी उपडी केली तर काकवी सावकाश उतरते आणि बरीचशी वाटीलाच चिकटून राहते. मध आणि पातळ केलेला गूळ यांचेही तसेच. म्हणजे वाटी भरून घेतली तरी पातेल्यात वाटीभर पडतच नाही! चमच्याने मोजले तर आणखी वाईट, कारण दर चमच्याला थोडी थोडी मागे राहते.

कोकणात तवशाचे धोंडस करतात. रवा, किसलेले तवसे आणि गूळ कालवून पातेल्यात घालतात. खाली निखारे, वर झाकणावरही निखारे ठेवून ते भाजतात. गुळाऐवजी काकवी घालायची असेल तर मोजून घालावी. कमी पडली तर धोंडस अगोड होते. जास्त झाली तर पीठ पातळ होते आणि बुडाला लवकर करपते. एवढा रवा, खोबरे वाया कोण घालवणार?

यावर सोपी युक्ती आहे. वाटीला आतून तेलाचे बोट फिरवावे. काकवीत पाणी असते, आणि तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाही. मधे तेलाचा पातळ थर राहिला की काकवी घसरून खाली येते. तरी थोडी राहिलीच, तर तवशाच्या सुटलेल्या पाण्यानेच वाटी विसळून ते पाणी पिठात घालावे. साध्या पाण्याने विसळू नये, पीठ सैल होते.

पण खरी पद्धत दुकानदाराची, ती म्हणजे धडा करणे. तराजूच्या एका पारड्यात पातेले ठेवायचे, दुसऱ्यात खडे टाकून दोन्ही पारडी सारखी करायची. मग खड्यांच्या बाजूला पाव किलोचे वजन ठेवून काकवी थेट पातेल्यात ओतायची. मोजायला वाटीच नाही, मग चिकटणार कशाला? बटणाच्या काट्यावर पातेले ठेवून शून्य करतात, तोही धडाच. मात्र ओतताना धार बारीक ठेवा. जास्त पडलेली परत काढणे फार किचकट!

आता एक गंमत. १ लिटर पाण्याचे वजन १ किलो. पण १ लिटर मधाचे वजन सुमारे १ किलो ४०० ग्रॅम भरते. काकवीही पाण्यापेक्षा जड, दाट असेल तितकी जास्त. म्हणून १ किलो मध लिटरच्या बाटलीत ओतला तर बाटली सुमारे ७०० मिलिलिटरपर्यंतच भरते. बाटली अपुरी दिसली म्हणून दुकानदाराशी भांडू नका, आधी वजन करा. आणि एकाकडे भाव किलोचा, दुसऱ्याकडे लिटरचा असेल तर दोन्ही भाव सारखे दिसले तरी लिटरवाल्याकडे मध जास्त मिळतो. आईबाबांनी बाजारात जाताना हे गणित करून पाहावे.

किसलेल्या गुळाचे निराळेच. तो वाटीत दाबून भरला की जास्त मावतो, सैल भरला की कमी. तिथे तेलाचे बोट काही कामाचे नाही, वजनच करावे लागते.