घोडबंदरचे घोडे आणि पायी धावणारी डाक

मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत, खाडीकाठी वसलेल्या घोडबंदरचे नाव पोर्तुगीज अमदानीतील अरबी घोड्यांच्या व्यापाराशी जोडले जाते, त्यामुळे या भागात डाकही घोड्यावरूनच धावत असावी, असा समज सहज होऊ शकतो. प्रत्यक्षात मराठी मुलखात पत्रे मुख्यतः माणसाच्या पायांनी गेली. पेशवाईत ती नेणाऱ्याला ‘जासूद’ म्हणत; आज हेर या अर्थाने रूढ असलेल्या या शब्दात तेव्हा पत्रवाहकही सामावला होता, आणि जासुदांची जोडी पाठवण्याची रीत असे. तातडीच्या वेळी घोडेस्वार किंवा सांडणीस्वार, म्हणजे वेगवान उंटिणीवरचा दूत, निघे.

पायी डाक घोड्यापेक्षा मंद, हे गृहीतच तपासून पाहण्याजोगे आहे. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूताने घोड्यांची आणि पायी धावणाऱ्यांची अशा दोन डाकव्यवस्था वर्णिल्या असून, दुसरी अधिक वेगवान असल्याचे नोंदवले आहे. त्याचे कारण टप्प्यांत होते: एका मैलात तीन ठाणी असल्याने धावणारा थकण्याआधीच थैली ताज्या दमाच्या माणसाच्या हाती जाई. कोकणात तर जागोजागी खाड्या आणि पावसाळ्यात चिखलाची भातखाचरे. १७३७ ते १७३९ या काळात चिमाजी अप्पांनी साष्टी आणि वसईसाठी मोहीम चालवली, त्या प्रदेशात होडीत बसणारा आणि बांधावरून चालणारा जासूद घोड्याहून सोयीचा ठरणे स्वाभाविकच होते. जेथे वाट सपाट आणि कोरडी, तेथे हिशेब बदले: मुंबई इलाख्यातील सिंध प्रांतात तेथील ब्रिटिश आयुक्त बार्टल फ्रिअर यांनी पायी धावणाऱ्या डाकवाल्यांच्या जागी घोडे आणि उंट आणले, आणि १८५२ मध्ये तेथेच ‘सिंध डाक’ हे आशियातील पहिले चिकट तिकीट निघाले.

घोड्यावरच्या टपालाला जिवंत परंपरेचे रूप मिळाले ते अमेरिकेत. ॲरिझोना राज्यातील होलब्रूक या लहान गावातून दरवर्षी हिवाळ्यात स्वयंसेवक घोडेस्वार टपालवाहकाची रीतसर शपथ घेतात आणि पत्रांच्या थैल्या सुमारे ३२० किलोमीटरवरील स्कॉट्सडेलला पोहोचवतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या या उपक्रमातील पाकिटांवर खास शिक्का असतो. ज्या ‘पोनी एक्सप्रेस’ या घोडेस्वार टपालसेवेची ही आठवण, ती मूळ सेवा मात्र एप्रिल १८६० ते ऑक्टोबर १८६१ इतकीच टिकली, कारण तोवर किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत तारायंत्राची तार पोहोचली होती. वसईच्या खाडीवर तीन वर्षांनी, १८६४ मध्ये, रेल्वे आली आणि तिच्या मार्गाने जाणाऱ्या टपालाला ना घोडा लागला ना जासूद.